मदत हवी आहे: कॉगॅटमध्ये शाब्दिक गुण कमी, अपील कसं मांडावं?

अमेरिकेत प्राथमिक शाळेच्या गिफ्टेड (विशेष हुशार मुलांसाठीच्या) प्रोग्रॅमसाठी अपील केलेल्या पालकांना विचारतेय. मुलगी दुसरीत आहे. कॉगॅटचे (CogAT, अशा प्रोग्रॅमच्या निवडीसाठी शाळेत घेतली जाणारी विचारक्षमतेची चाचणी) गुण: आकृत्या 136, संख्या 133, शाब्दिक 108. सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 16, म्हणजे 132 ला साधारण 98 वा पर्सेंटाइल. आमचं स्कूल डिस्ट्रिक्ट फक्त तिन्हींचे एकत्रित गुण बघतं, त्यामुळे ती कटऑफखाली राहिली.

या वयाच्या शाब्दिक भागात बाकी प्रश्न चित्रांचे असतात, पण वाक्यपूर्तीचं वाक्य शिक्षक इंग्रजीत वाचून दाखवतात आणि मूल चित्र निवडतं. घरी मराठी बोलणारं मूल नेमकं इथे अडतं. भागांमध्ये 24 किंवा जास्त गुणांचा फरक असला की अहवालातल्या प्रोफाइलला 'ई' (एक्स्ट्रीम, म्हणजे टोकाचा फरक) लागतो. अशा वेळी एकत्रित आकडा दिशाभूल करतो, हे शाळेला कळायलाच हवं!

संख्या आणि आकृत्या या दोनच भागांचा संयुक्त गुणही अहवालात मिळू शकतो. तो अपिलात कुणाचा मान्य झाला का? की खाजगी मानसशास्त्रज्ञाची चाचणीच मागतात? सोबत वर्गातलं काम जोडायचं तर गणिताची कोणत्या प्रकारची पानं उपयोगी पडली?

दुसरं, आठवड्यातून काही तास वर्गाबाहेर नेणारा प्रोग्रॅम असेल तर बुडलेला वर्गपाठ वर गृहपाठ म्हणून येतो का? फक्त गणितापुरतं वरच्या इयत्तेत बसवणं कुणी मागून घेतलंय का?

केंद्राचा सक्तीचा कायदा नाही, नियम राज्यागणिक बदलतात. म्हणून उत्तरात राज्य नक्की लिहा.