स्कूटरचा प्लग बदलायचाय, कुठला घेऊ?

गुहागरचा: पाऊस लागल्यापासून सकाळी किका मारून पाय दुखतो, प्लग काढला तर टोक काळंकुट्ट नि अंगावर गंज, दुकानदार म्हणतो ७ ऐवजी ८ नंबर टाक, चालेल?

दापोलीकर: अजिबात नको रे. एनजीके कंपनीच्या प्लगात आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर सोडणारा, काजळी अजून धरेल. गाडीच्या पुस्तकातला कोडच घे.

मालवणी भाऊ: इंजिन थंड असतानाच खोल, आधी भोकाभोवतीची वाळू फुंकून काढ. नवा हातानेच फिरव, वॉशर टेकला की पान्याने अर्धा फेरा, बास.

गुहागरचा: खाऱ्या हवेसाठी आट्यांना ग्रीस लावू?

दापोलीकर: नको, जास्त आवळला जातो मग. त्यापेक्षा प्लगवर बसते ती वायरची कॅप बघ, आत हिरवा गंज धरला असेल तर नव्या प्लगनेही तेच रडगाणं. एअर फिल्टर पण बघ.