अ‍ॅसिटोनची वाफ मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर: दमट हवेत खोटं रीडिंग, प्रतिसादही मंद

प्रश्न (बाष्पवेध): एनडीआयआर सेन्सर (वायू किती इन्फ्रारेड किरण शोषतो त्यावरून त्याचं प्रमाण मोजणारा) जुळवला आहे. मोजणीची नळी, म्हणजे सेल, १०० मिमी लांब, आतला व्यास १० मिमी, दोन्ही टोकांना सफायरच्या खिडक्या. दोन चॅनलचा पायरोइलेक्ट्रिक (उष्णता बदलली की विद्युत संकेत देणारा) डिटेक्टर: मोजणीला ३.४ मायक्रॉन तरंगलांबीचा फिल्टर, संदर्भाला, जिथे अ‍ॅसिटोन शोषत नाही, ३.९चा. पंप मिनिटाला अर्धा लिटर हवा ढकलतो. दमट हवेत अ‍ॅसिटोन नसतानाही रीडिंग चढतं. शिवाय वाफ सोडल्यावर आकडा स्थिरावायला ४० सेकंद लागतात, उतरायला त्याहून जास्त. संदर्भ चॅनल असून दमटपणा का बाधतो?

किरणमापक: खिडकीवर दव धरतंय. द्रवरूप पाणी ३ मायक्रॉनच्या आसपास प्रचंड शोषतं आणि त्या पट्ट्याची शेपटी ३.४पर्यंत पोचते, ३.९ला शोषण बरंच कमी. त्यामुळे दोन चॅनलचं गुणोत्तर अगदी वायू आल्यासारखंच पडतं. धूळ किंवा म्हातारा दिवा दोन्ही चॅनल सारखेच मंद करतात, तेवढंच संदर्भ चॅनल सांभाळतं. फक्त खिडक्या नव्हे, डिटेक्टरसकट पूर्ण सेल ४५ ते ५० अंशांवर धरा आणि तापमान स्थिरावल्यावरच शून्याचं रीडिंग ठरवा. हवेच्या वाटेत ओल शोषायला सिलिका जेल मात्र लावू नका, ते अ‍ॅसिटोनही गिळतं.

शून्यरेषा: मंदपणाचं कारण सेल नाही. आकारमान साधारण ७.९ मिली, प्रवाह सेकंदाला ८.३ मिली, म्हणजे तीन-चार सेकंदांत आतली हवा बदलायला हवी. सॉफ्टवेअरमधल्या सरासरीमुळे उशीर होत असता तर चढ आणि उतार सारखेच मंद दिसले असते. तुमचा उतार जास्त रेंगाळतो, म्हणजे कुठेतरी अ‍ॅसिटोन मुरतंय आणि सावकाश सुटतंय. सेलपर्यंत हवा आणणारी नळी सिलिकॉनची आहे का? आणि ओ-रिंग (सांधे बंद करणाऱ्या रबरी कड्या)?

बाष्पवेध: नळी सिलिकॉनचीच, सुमारे दीड मीटर. ओ-रिंग व्हायटनच्या (एक फ्लोरिनयुक्त रबर).

शून्यरेषा: मग दोन्ही बदला. सिलिकॉनऐवजी पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळी, तीही जमेल तितकी आखूड. व्हायटन अ‍ॅसिटोनमध्ये फुगतं, ईपीडीएम रबराच्या घ्या. पंप हवेच्या वाटेत सेलच्या आधी नको, सेलनंतर बसवा. नाहीतर त्याचा रबरी पडदाही वाफ धरून ठेवील.

किरणमापक: एक लक्षात असू द्या, ३.४ मायक्रॉनला कार्बन-हायड्रोजन बंध दिसतो, अ‍ॅसिटोन नव्हे. शेजारी अल्कोहोल किंवा टोल्युईन उघडं असेल तर तेही याच आकड्यात मिसळेल.