'द मॅन इन द हाय कॅसल': अमेरिकेवरचा कब्जा पटतो का?

दर्यावर्दी
२०१५ ते २०१९ मधल्या या मालिकेत दुसरं महायुद्ध जर्मनी-जपानने जिंकलंय. १९६२ साली अमेरिकेचा पूर्व भाग जर्मनीकडे, प्रशांत किनारा जपानकडे, मध्ये रॉकी पर्वतातला तटस्थ पट्टा. मला हे मुळीच पटत नाही, कारण फौज नेणार कशातून? १९४० मध्ये इंग्लंडवर उतरायला जर्मनीने नद्या-कालव्यांतले सुमारे २,४०० बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नावा) गोळा केले. त्यातले जेमतेम ८०० स्वतःच्या इंजिनावर चालणारे, बाकीचे टग म्हणजे ओढबोटींनी ओढायचे. डोव्हरपाशी इंग्लिश खाडी ३३ किमी. तरीही ब्रिटिश विमानदल आणि आरमार शाबूत राहिल्यामुळे १७ सप्टेंबरला हिटलरने मोहीम बेमुदत पुढे ढकलली. फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरापासून न्यूयॉर्क पाच हजार किमीच्या वर आहे!

कोरी पाटी
असहमत. तुम्ही रूझवेल्टची अमेरिका धरून चालला आहात. मालिका ज्या फिलिप डिकच्या कादंबरीवर बेतली आहे, तिथे इतिहास १९३३ लाच फुटतो. त्या १५ फेब्रुवारीला मायामीत झांगारा नावाच्या माणसाने निवडून आलेल्या रूझवेल्टवर झाडलेली गोळी प्रत्यक्षात शिकागोचे महापौर सर्माक यांना लागली. कादंबरीत रूझवेल्टच मारले जातात. निवडून आलेला अध्यक्ष शपथेआधी मेला तर निवडून आलेला उपाध्यक्ष अध्यक्ष होतो, असं सांगणारी घटनेची विसावी दुरुस्ती २३ जानेवारीला मंजूर झालेली, म्हणजे ४ मार्चला उपाध्यक्षपदी निवडून आलेले गार्नर अध्यक्ष. मग ब्रिटनला रोख पैसे न घेता शस्त्रं देणारा मार्च १९४१ चा लेंड-लीज कायदा कोण रेटणार? ब्रिटनकडचे डॉलर तोवर संपत आले होते.

दर्यावर्दी
ब्रिटन पडेल, मान्य. पण मालिकेत वॉशिंग्टनवर जर्मन अणुबॉम्ब पडतो, त्याचं काय? मॅनहॅटन प्रकल्पाला सुमारे दोन अब्ज डॉलर आणि सव्वा लाखावर माणसं लागली. जर्मनांच्या अणुसंशोधनाला लागणारं जड पाणी नॉर्वेतल्या एकाच कारखान्यातून यायचं. आणि बॉम्ब टाकल्यावरही देश ताब्यात ठेवायला माणसं लागतातच. नॉर्वेत लोकसंख्या तीस लाख आणि युद्धाच्या शेवटी जर्मन सैन्य साडेतीन लाखांच्या आसपास. अमेरिका तेव्हा तेरा कोटींची. करा हिशोब.

अक्षांश
नॉर्वेचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथलं सैन्य जनतेवर पहारा द्यायला नव्हतं, दोस्तांच्या संभाव्य चढाईसाठी किनाऱ्यावर बसवलेलं होतं. ताबा स्थानिक यंत्रणेतून चालतो. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमधल्या सुमारे १३,००० ज्यूंना फ्रेंच पोलिसांनीच घरांतून उचललं, फ्रेंच सरकारी नोंदींच्या कार्डांवरून. म्हणून जॉन स्मिथ, अमेरिकी लष्करातून एसएस या नाझी संघटनेत गेलेला अधिकारी, हे मालिकेतलं सगळ्यात खरं पात्र आहे. विजेत्यांमधली धुसफूसही हवेतली नाही. १८ जानेवारी १९४२ च्या करारात जर्मनी, इटली आणि जपानने युद्धक्षेत्रं ७० अंश पूर्व रेखांशावर वाटून घेतली होती. मुंबई त्या रेषेच्या पूर्वेला, म्हणजे जपानच्या वाट्याला.

दर्यावर्दी
कारभाराबद्दल तुमचं पटलं. पण फ्रेंच पोलीस कामाला लागले ते जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरल्यावर, आणि ते रस्त्याने आलं होतं. जपानचं तर त्याहून कठीण: तेलाचा सुमारे ८० टक्के पुरवठा अमेरिकेतूनच यायचा आणि लाखो सैनिक चीनमध्ये गुंतलेले. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचे आठ हजार किमी ते कोणत्या इंधनावर कापणार, याचं उत्तर मालिकेत नाही.