मदत हवी आहे: कुकरमधला चॉकलेट केक दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो (अंडं नाही, ओव्हन नाही)

दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहते. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून केक कुकरमध्येच. खाली मीठ, त्यावर स्टँड, रिंग आणि शिट्टी काढलेली. सासरे माळकरी, त्यामुळे अंडं घरात येत नाही.

केक फुगतो, पण वरून तडकतो आणि दुसऱ्या दिवशी सुरी लावली की नुसता भुगा. मला गडद, ओलसर, जरा जडसर पाहिजे. माझं माप: दीड कप मैदा, अर्धा कप कोको, पाऊण कप साखर (घरात गोड कमीच खातात), पाऊण कप दही, अर्धा कप पातळ तूप, लहान चमचाभर सोडा, लागेल तसं थंड दूध. पोरीचा वाढदिवस मे महिन्यात आहे, वरून चॉकलेटही ओतायचंय. काय बदलू? कंडेन्स्ड मिल्क सुचवू नका, त्यासाठी तालुक्याला जावं लागते.

प्रतिसाद १
ताई, आधी साखर वाढवा. ती फक्त गोडीसाठी नसते, पाणी धरून ठेवते. दीड कप मैद्याला एक कप तरी हवीच. आणि तुपाऐवजी तेल घ्या. आत्ता थंडीत तूप थिजतं, म्हणून गार केक कोरडा लागतो. तेल पातळच राहतं.

थंड दूध बंद. अर्धा कप कडकडीत पाण्यात कोको आणि लहान चमचा इन्स्टंट कॉफी घोटा, कोमट झालं की दह्यात मिसळा. रंग आणि वास दोन्ही खुलतात. कॉफीची चव कळत नाही, सासरेबुवांनाही नाही.

धागाकर्ती
घरी फल्लीचं तेल आहे, चालेल का? मे महिन्यात तर तूप थिजणारच नाही, मग तेव्हा?

प्रतिसाद १
घाण्याचं फल्ली तेल नको, केकला चिवड्याचा वास येईल! सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड घ्या. उन्हाळ्यात तूप चालेल, पण मी तरी तेलच घालीन.

प्रतिसाद २
वरून तडकते म्हणजे आच जास्त होऊन राहिली. कुकर दहा मिनिटं तापला की गॅस अगदी बारीक करा. चाळीस मिनिटांनी काडी घालून पाहा. काडीला दोनचार ओले कण चिकटले की लगेच काढा. काडी एकदम कोरडी निघेपर्यंत थांबलात तर उशीर झाला समजा. मैदा घातल्यावर फेटत बसू नका, मिसळला की लगेच कुकरात, सोडा वाट पाहत नाही.

कोकोच्या पुडीवर ‘अल्कलाइज्ड’ लिहिलंय का पाहा. तसा असेल तर त्याचा आंबटपणा गेलेला असतो, सोड्याला फक्त दह्याचाच आधार. मग सोडा अर्धा करा आणि लहान चमचाभर बेकिंग पावडर घाला.

धागाकर्ती
लिहिलंय, अगदी बारीक अक्षरात. आणि चॉकलेटचं?

प्रतिसाद २
आपल्या उन्हात खरं चॉकलेट टिकत नाही, कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळते. डार्क कंपाउंड घ्या, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप घातलेलं चॉकलेट. ओतायला ते गरम क्रीममध्ये वितळवतात; एरवी क्रीम चॉकलेटच्या बरोबरीनं घेतात, मे महिन्यात दोनशे ग्रॅम चॉकलेटला शंभर मिलीच. केक पूर्ण गार झाल्यावर ओता, तोही संध्याकाळी, कूलरसमोर.