मदत हवी आहे: अमेरिकेतल्या लॉ स्कूलमधली कंत्राटी नोकरी, माझे उच्चार आणि दोन पानी स्वमूल्यमापन

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत कॉलेजात शिकवणारं किंवा इथल्या नोकरीच्या कायद्यात काम करणारं कुणी असेल तर सल्ला हवा आहे. थोडं लांबण लागेल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी पुण्याची. शिवाजीनगर कोर्टात सहा वर्षं वकिली केली, मग इथे एलएलएम, बारची परीक्षा, आणि आता तिसरं वर्ष एका लॉ स्कूलमध्ये (नाव लिहीत नाही) पहिल्या वर्षाच्या मुलांना लीगल रायटिंग, म्हणजे वकिली पद्धतीचं लेखन, शिकवते. करार एकेका वर्षाचा. आपल्याकडे तासिका तत्त्वावर घेतात त्यापेक्षा बरी अवस्था, पण पुढच्या वर्षाचं पत्र हातात पडेपर्यंत घरभाड्याचा करार वाढवायचा की नाही हे ठरवता येत नाही. यंदा पत्राऐवजी निरोप आला: विद्यार्थ्यांचे अभिप्राय घसरलेत, दोन पानी स्वमूल्यमापन द्या.

अभिप्राय मी रात्री स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचले. बावीसपैकी सात जणांनी उच्चारांबद्दल लिहिलंय. एकाने शब्दासकट: 'वेव्हर' (waiver). हक्क सोडून देणं या अर्थाचा हा शब्द तासाला दहा वेळा येतो, आणि मराठी तोंडाला त्यातले दोन्ही 'व' सारखेच. पहिल्या महिन्यात एका मुलाने स्पेलिंग विचारलं, तेव्हापासून तास सुरू करताना मी तो शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवते. हे मी मान्य करते. पण चौघांनी लिहिलंय की मी मेमो (मुलांनी लिहिलेली कायदेशीर टिपणं) उशिरा परत देते. मी प्रत्येक मेमो ओळ न् ओळ तपासून ४८ तासांत परत दिलाय. ईमेलच्या तारखा आहेत माझ्याकडे.

आता खरं दुखणं. आमच्या संकेतस्थळावर सगळ्या अध्यापकांचे फोटो एकाच चौकटीत आहेत. बघणाऱ्याला वाटेल, किती बायका, किती रंगांचे लोक! आत आलात की कळतं: लीगल रायटिंग शिकवणाऱ्या आम्ही सहाजणी, सहाही बायका, त्यातल्या तिघी गौरेतर, आणि सहाही कंत्राटी. टेन्युअरवाल्यांत, म्हणजे कायमची नोकरी असलेल्यांत, बहुतेक गोरे पुरुष. नव्या नेमणुकीवर मतदान आलं की आम्ही कॉफीचे कप उचलून बाहेर जातो, कारण आम्हाला मत नाही. दार आतून लागतं. पण विविधतेची टक्केवारी काढताना मात्र आम्ही मोजले जातो.

हे एकट्या आमच्या कॉलेजचं नाही. अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये २०१६ पासून मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे, आणि लीगल रायटिंग हा विषय देशभर प्रामुख्याने बायकाच शिकवतात. लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमांनी क्लिनिक (मुलांकडून खऱ्या अशिलांची कामं करून घेणारा वर्ग) चालवणाऱ्या अध्यापकांना टेन्युअरच्या जवळपास जाणारी सुरक्षितता देऊ केली, पण लीगल रायटिंगवाल्यांसाठी भाषा कायम सैल ठेवली. विविधतेबद्दलच्या नियमाची अंमलबजावणीसुद्धा असोसिएशनने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवली, त्यामुळे 'नियमात आहे' असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बाबासाहेब १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, तू मतासाठी दाराबाहेर उभी राहतेस?" मला रडू आलं. बोलले नाही काही.

माझे प्रश्न:

अभिप्रायांमध्ये बायकांबद्दल आणि परक्या उच्चारांबद्दल पूर्वग्रह उतरतो, हे स्वमूल्यमापनात लिहावं का? की ती सबब वाटेल?

मताचा आणि हुद्द्याचा मुद्दा याच कागदात काढावा की पत्र हातात आल्यावर? डेरिक बेल यांचं उदाहरण डोक्यातून जात नाही. १९७१ मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये टेन्युअर मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. एकाही कृष्णवर्णीय बाईला तिथे टेन्युअर नाही म्हणून १९९० मध्ये ते बिनपगारी रजेवर गेले, आणि दोन वर्षांत परतले नाहीत म्हणून नोकरी गेली. तशी पहिली बाई, लानी गिनियर, यांना तिथे टेन्युअरसह नेमलं ते १९९८ मध्ये. बेल यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्याकडे टेन्युअर होतं. माझ्याकडे मे महिन्यापर्यंतचं पत्र आहे आणि नोकरीवर अवलंबून असलेला एच-१बी व्हिसा.

प्रतिसाद १

ताई, नोकरी गेली तर या व्हिसावर दुसरी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, हे आधी लक्षात ठेवा. नवऱ्याचा व्हिसा वेगळा असेल तर गोष्ट वेगळी. माझं मत: आधी नव्या करारावर सही, मग बाकीचं.

प्रतिसाद २

मी समाजशास्त्र शिकवते, कॅनडात. तू ४८ तासांत मेमो देतेस आणि मुलं 'उशीर' लिहितात हे वाचून थबकले. नॉर्थ कॅरोलायनात नेमका हाच प्रयोग झालाय. ऑनलाइन वर्ग, दोन सहायक, एक पुरुष आणि एक बाई. दोघांनी एकेका गटाला स्वतःच्या नावाने शिकवलं आणि एकेका गटाला एकमेकांच्या नावाने. गृहपाठ सगळ्यांना एकाच वेळी परत. तरी 'बाई' समजून ज्यांनी गुण दिले त्यांनी वेळेवर परत देण्यातही कमी गुण दिले, मग शिकवणारा खरा पुरुष असला तरी. मात्र त्यात विद्यार्थी होते ४३. त्या एका प्रयोगावर सगळा डोलारा उभा करू नकोस.

सबब वाटू नये म्हणून क्रम उलटा ठेव. आधी तुझ्या तारखा: मेमो कधी आला, कधी परत गेला. मग 'वेव्हर' आणि फळ्यावरचा उपाय, स्वतःहून. त्यानंतर दोन ओळींत संशोधन. आमच्याकडे टोरंटोत रायर्सन विद्यापीठाच्या वादात २०१८ मध्ये लवादाने ठरवलं की बढती आणि टेन्युअरसाठी शिकवण्याची गुणवत्ता विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांवरून मोजायची नाही. अमेरिकेत तो निकाल लागू नाही, पण असा विचार झालाय हे डीनला कळू दे. आणि एखाद्या ज्येष्ठ अध्यापकाला तुझ्या वर्गात बसायला सांग. ज्याने डोळ्यांनी वर्ग पाहिला त्याच्या पानभर टिपणाला वजन असतं.

प्रतिसाद ३

नोकरीच्या कायद्यात काम करतो, न्यू जर्सीत. हा सल्ला वकिली नव्हे, शेजारधर्म समजा. उच्चारावरून नोकरी नाकारणं हा राष्ट्रीय मूळावरचा भेदभाव ठरू शकतो, जोवर उच्चार कामात खरोखर आड येत नाही तोवर. तुमचं काम बोलण्याचं आहे, म्हणून कॉलेज तोच बचाव घेईल. मुलांचे सुधारलेले मेमो जपून ठेवा. करार थांबवल्याचं कळवतील त्या दिवसापासून नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे (EEOC) तक्रारीला १८० दिवस मिळतात, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर ३००.

पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं आठवलं. रटगर्स लॉ स्कूलमध्ये शिकवायला लागल्या तेव्हा, १९६३ साली, त्यांना पगार कमी दिला, कारण काय तर नवऱ्याला चांगली नोकरी आहे. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा करार वर्षाचाच, म्हणून सासूबाईंचे ढगळ कपडे घालून वर्ग घेतले आणि नव्या वर्षाचं पत्र आल्यावरच सहकाऱ्यांना सांगितलं. पुढे इतर प्राध्यापिकांबरोबर समान वेतनाचा दावा लावला आणि पगारवाढ घेतली. आधी पत्र, मग दावा. हा क्रम मला तुमच्यासाठी योग्य वाटतो.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद २ मधल्या ताई, रात्री बसून सगळ्या तारखांचा तक्ता केला. बावीस मुलं, प्रत्येकी चार मेमो. दोन मेमो ५१ तासांनी दिलेत, तेही तसेच लिहिलेत. करार विषय शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने गुरुवारी वर्गात बसायचं कबूल केलंय.

मताचा मुद्दा या कागदातून काढला. पत्र आलं की आम्ही मिळून वेगळा अर्ज देणार आहोत. सहापैकी चौघी सहीला तयार आहेत, दोघींना भीती वाटते आणि मी त्यांना आग्रह केलेला नाही. अशा अर्जाने कुठे लीगल रायटिंगवाल्यांना मताचा हक्क मिळाला असेल, तर तो मसुदा बघायला मिळेल का? आणि सोमवारपर्यंत माझी दोन पानं कुणी वाचून देईल का?