नेतृत्व शिबिरात शिकवतात की पाण्याच्या दिवशी?

पाच्छा पेठेतली आई
काल शाळेच्या पालक ग्रुपवर एकांची पोस्ट आली: "दहाव्या वर्षापर्यंत नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलं नाही, तर मूल जन्मभर दुसऱ्यांच्या मागे चालेल. उन्हाळी शिबिर, १० दिवस, ६,००० रुपये." रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

माझी लेक सहावीत आहे. १२ जानेवारीला, सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, तिनं भाषण केलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, चारही नावं एका दमात. पहिला नंबर आला. येताना विचारलं, मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ का लागला गं? म्हणाली, "ते कागदावर नव्हतं." कागद मीच लिहून दिला होता. चूक माझी.

आता दुसरं. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी रात्री दोनला. गेल्या उन्हाळ्यात मी तापानं फणफणले होते. ही उठली, वाड्यातल्या सात घरांच्या कड्या वाजवल्या आणि सांगितलं, आधी वरच्या आजींचे दोन हंडे, मग मोटारी. एका काकांनी मोटार आधीच लावली होती. त्यांच्या दारात उभी राहून तिनं ती बंद करायला लावली. आवाज कापत होता, पण जागची हलली नाही. मुलांना खरं काम द्या, चुकू द्या, आणि मध्ये पडू नका. ६,००० कशाला घालवायचे?

जुळे सोलापूर
ताई, तुमच्या लेकीला मुळातच बोलता येतं. माझा मुलगा दुकानात उरलेले सुटे पैसे परत मागायलासुद्धा लाजायचा. शिबिरात रोज एकाला गटप्रमुख करायचे. तिसऱ्या दिवशी रडला, आठव्या दिवशी स्वतःहून हात वर केला. आणि खरं सांगू? रात्री दोनला अकरा वर्षांची पोर मोठ्या माणसाशी भांडते, यात कौतुक कसलं? वाड्यातले बाकीचे मोठे काय करत होते?

निवृत्त गुरुजी
शिबिरवाल्यांनी नवीन काही शोधलेलं नाही. बेडन-पॉवेलनं १९०७ मध्ये पहिलं शिबिर घेतलं तेव्हापासून स्काऊटमध्ये हेच आहे: सहा-आठ मुलांचा संघ, नायक त्यांच्यातलाच. 'खरी कमाई'ला मुलं घरोघरी जाऊन काम मागायची, मी कोपऱ्यावर थांबायचो. आता स्काऊटचा तास वेळापत्रकापुरता उरलाय. आणि तो मॉनिटर! फळ्यावर बडबडणाऱ्यांची नावं लिहिणं म्हणजे चहाडी. मी ३० वर्षं वर्गात मॉनिटर नेमला नाही.

लेझीमवाला
गुरुजी, स्काऊट राहू द्या. गणपतीआधी संध्याकाळी कुठल्याही मंडळाच्या लेझमीच्या सरावाला या. नवं पोरगं शेवटच्या रांगेत. डाव पाठ झाले की एक रांग पुढे. शिट्टी हातात यायला चार-पाच वर्षं लागतात. शिट्टीवाल्याला हलगी ऐकावी लागते, मागची रांग थकली का ते बघावं लागतं, मगच डाव बदलायचा. चुकीच्या वेळी शिट्टी वाजवली की सगळा ताफा कोलमडतो. मी सोळाव्या वर्षी कोलमडवलाय, भर मिरवणुकीत. वस्तादांनी शिट्टी काढून घेतली नाही. म्हणाले, वाजव परत.

जुळे सोलापूर
लेझीम बघायला छान असते. पण त्याच मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती असतात. पोरं तिथं काय शिकतात?

लेझीमवाला
डॉल्बी लावणाऱ्यांचा राग आमच्यावर का काढता ओ? आमच्या ताफ्यात आजही हलगी, ढोल, झांजच आहे. डॉल्बीपुढे नाचायला सराव लागत नाही, म्हणून तर पोरं तिकडे पळतात. तुमच्यासारखे शिकलेले पालक पोरांना सरावाला पाठवत नाहीत आणि मंडळं बिघडली म्हणून ओरडतात.

जुळे सोलापूर
परीक्षेच्या तोंडावर रात्री दहापर्यंत सराव चालतो, कसा पाठवू? 'तुमच्यासारखे' म्हणू नका, माझे वडील गिरणीत होते.

कुंभारी
इतका वेळ वाचत होतो. माझी आई विडी वळायची. शाळेतून आलो की मी भिजवलेली पानं पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचो, आई वळायची. हजार पूर्ण झाल्या तरी कारखान्यात त्यातल्या काही बाद व्हायच्या, ते पैसे जायचे. खरं काम होतं, जबाबदारी होती, चुकीची किंमतही होती. त्यानं मी पुढारी झालो नाही, घाबरट झालो. अजून साहेबासमोर तोंड उघडत नाही. कारण मला कोणी कधी विचारलंच नाही, की तुला काय वाटतं. ताई, काम देणं वेगळं आणि पोराला विचारणं वेगळं.

निवृत्त गुरुजी
हे मान्य. मीही कोपऱ्यावर थांबायचो, पण परत आल्यावर कुणाला काय जमलं नाही, हे बसून ऐकायचो. ते आधीच लिहायला हवं होतं.

पाच्छा पेठेतली आई
कुंभारीचं वाचून गप्प बसले. मग लेकीला विचारलं, त्या रात्री कसं वाटलं होतं? मला वाटलं होतं फुशारून सांगेल. म्हणाली, "भीती वाटली. पुढच्या वेळी काकांना तू सांग, हंडे मी भरते." जुळे सोलापूर, तुमचा तेवढा मुद्दा घेतला. शिबिराचा नाही. लेझीमवाले, तुमच्या ताफ्यात मुली घेता का?

लेझीमवाला
घेतो की. पण शेवटच्या रांगेत.