आवडत्या रोमान्स लेखिकेचं पहिलंवहिलं पुस्तक वाचून तोंडावर आपटलात का? अनुभव लिहा

केतकीबन
परवा रात्री जॉर्जेट हेयरचं 'द ब्लॅक मॉथ' संपवलं (संपवलं म्हणजे शेवटची साठेक पानं दामटली) आणि तेव्हापासून जो मूड गेलाय तो इथे येऊन भडाभडा बोलल्याशिवाय परत यायचा नाही, म्हणून धागा काढतेय.

मी हेयरची भक्त आहे हे आधी सांगते. बारावीच्या सुट्टीत ठाण्यात गल्लीतल्या लायब्ररीत मावशीच्या कार्डावर 'फ्रेडरिका' मिळालं, कव्हर फाटलेलं, आत कोणीतरी हळदीचं बोट पुसलेलं. ती भावंडं, तो आवरत नसलेला कुत्रा आणि सगळ्याचा कंटाळा आलेला तो मार्क्विस. तेव्हापासून 'व्हेनेशिया' झालं, 'कोटिलियन' तर आजारी पडले की पॅरासिटॅमॉलसोबत घेते. त्यामुळे पहिलं पुस्तक फुकटात उपलब्ध आहे कळल्यावर अधाशासारखं डाऊनलोड केलं.

आणि मग काय, हिरो जॅक. भावाने पत्त्यात लबाडी केली ती ह्याने स्वतःच्या अंगावर घेतली, घरदार सोडलं आणि चक्क वाटमारी करायला लागला, वाटमारी पण इतकी सभ्य की लुटले जाणारेच थँक्यू म्हणतील. हिरवीण डायना म्हणजे सोफ्यावरची उशी, सुंदर आहे आणि आहे. त्या लबाड भावाची बायको लव्हिनिया पानोपानी मुसमुसते. एकच माणूस जिवंत वाटतो, तो म्हणजे काळे कपडे घालून फिरणारा खलनायक ड्यूक, आणि तो डायनाला पळवून नेतो, एकदा जमत नाही म्हणून परत!

पण खरा धक्का पुढे. शोधाशोध केल्यावर कळलं की ह्याच ड्यूकला बाईंनी नाव बदलून 1926 मध्ये 'दीज ओल्ड शेड्स'चा हिरो केला. म्हणजे कॉलेजात मी ज्या एव्हनवर जीव ओवाळून टाकला होता तो मूळचा पोरी पळवणारा निघाला. स्थळ पक्कं झाल्यावर मुलाची आधीची भानगड कळावी तसं झालंय.

तर तुमचं कोणाबद्दल असं झालंय? मराठी, इंग्रजी सगळं चालेल.

गवतीचहा
अगं पण तिने ते सतराव्या वर्षी लिहिलंय, आजारी भावाचा वेळ जावा म्हणून. छापून आलं 1921 ला, तेव्हा ती एकोणीस. आपण सतराव्या वर्षी काय लिहीत होतो, पावसावर कविता. भावाला काय हवं असणार, तलवारी, घोडे, अपहरण. डायना त्याच्यासाठी नव्हतीच.

तिची तिला पण लाज होती बहुतेक, सुरुवातीच्या काळातल्या चार समकालीन कादंबऱ्या तिने नंतर परत छापूच दिल्या नाहीत. ब्लॅक मॉथला मात्र राहू दिलं.

मोगराच_हवा
माझा किस्सा ज्युडिथ मॅकनॉटचा आहे आणि त्यात मी माझ्या जावेसमोर कायमची पडलेय.

नव्वदच्या दशकात 'पॅराडाइज' आणि 'परफेक्ट' आमच्या हॉस्टेलवर सुतळीने बांधून फिरायचे, पानं सुटी झाली होती, प्रेमाच्या सीनची पानं तर गायबच असायची. 'व्हिटनी, माय लव्ह' मी खूप नंतर वाचलं, नवी आवृत्ती, लग्न होऊन नाशिकला आल्यावर. तिने लिहिलेलं पहिलं तेच म्हणतात, जरी छापून यायला 1985 उजाडलं. लांबलचक होतं, गैरसमजांवर गैरसमज, पण आवडलं. जावेला वाचनाची आवड, तिला म्हटलं वाच, काय तो ड्यूक, काय तो क्लेटन. ती मुंबईला गेली होती, तिला फाउंटनच्या फुटपाथवर जुनी कॉपी मिळाली. आठवड्याने फोन. 'वहिनी, तुम्हाला हा माणूस आवडतो??' मी म्हटलं हो, जरा रागीट आहे पण. ती गप्प. मग म्हणाली, 'रागीट?'

तर झालं असं होतं की जुन्या आवृत्तीत तो तिला घोड्याच्या चाबकाने मारतो आणि पुढे एका गैरसमजातून चक्क जबरदस्ती करतो. नंतर पुन्हा छापताना लेखिकेने हे सगळं बदललं होतं, सौम्य केलं होतं. मी वाचलेली धुतलेली आवृत्ती, तिने वाचलेली मूळची. दोघींनी एकच पुस्तक वाचलं आणि वाचलं पण नाही. हे तिला समजावायला मला दीड तास लागला, आणि अजून तिला वाटतं मी सारवासारव करतेय.

मला राग त्याचा नाही आला. राग ह्याचा आला की आता नवी आवृत्ती वाचताना पण मला माहितेय की ह्या पानामागे काय होतं. भिंतीला रंग दिला तरी ओल दिसतेच.

केतकीबन
@मोगराच_हवा, 'रागीट?' 😂 मेले.
पण शेवटच्या दोन ओळी फार खऱ्या आहेत गं.

न्यूजर्सीकर_माई
माझा अनुभव नोरा रॉबर्ट्सचा. मुलीच्या लग्नाच्या धामधुमीत 'व्हिजन इन व्हाइट' वाचलं, 2009 चं, चार मैत्रिणी मिळून लग्नाचा बिझनेस चालवतात ती सिरीज. त्यातला कार्टर, शाळेत इंग्रजी शिकवतो, धडपडतो, ठेचकाळतो, असा जावई मिळाला असता तर हुंडा दिला असता (विनोद आहे, मारू नका).

मग म्हटलं बाईंनी सुरुवात कशी केली बघू. 1979 च्या बर्फात दोन लहान मुलांसोबत घरात अडकली होती, तेव्हा लिहायला लागली, हे मला फारच जवळचं वाटलं, आमच्याकडे पण बर्फात दोन मुलं घेऊन अडकायचा अनुभव दांडगा आहे, मी मात्र पोहे करत बसले, असो. पहिलं पुस्तक 'आयरिश थरोब्रेड', 1981. आयर्लंडहून आलेली मुलगी, घोड्यांचा फार्म, मालक ट्रॅव्हिस. बाई भांडली की हा तिला धरणार आणि चुंबन घेणार, तिने परत भांडायचं, परत तेच. मग तिच्या काकाला हार्ट ॲटॅक येतो आणि त्याचा जीव शांत व्हावा म्हणून हॉस्पिटलमध्येच लग्न! मला वाटलं मी मराठी सिरियल लावलीय चुकून.

एक मात्र आहे, घोडीच्या बाळंतपणाचं वगैरे आलं की ती बाई लिहू शकते हे तेव्हाही दिसतं. बाकी ट्रॅव्हिस आणि कार्टर एकाच हातून उतरलेत हे सांगितलं तर खोटं वाटेल. मधे जवळपास तीस वर्षं गेलीत म्हणा. मी पण 1981 ला वेगळीच होते, ट्रॅव्हिस तेव्हा मिळाला असता तर आवडला असता कदाचित. हे लिहायला नको होतं.

सदाशिव_पेठी
बायकांच्या धाग्यात घुसतोय, चालेल ना. आमच्या घरात ना. सी. फडके म्हणजे कपाटातला वरचा कप्पा. आजोबांनी 'दौलत', 'जादूगार', 'अटकेपार' सगळं बाइंडिंग करून ठेवलेलं. नावं ठेवतात लोक फडक्यांना, गुलाबी गुलाबी म्हणून, पण कॉलेजातली पोरं, टेनिस, टापटीप संवाद, प्रकरण कुठे तोडायचं ह्याचं ज्ञान, माणूस पक्का कारागीर होता. 'प्रतिभासाधन' लिहून कादंबरी कशी रचावी ते शिकवलं पण.

तर अशा माणसाची पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर', 1917. मारी कोरेली नावाच्या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली. ग्रंथालयात कर्मचाऱ्याने धूळ झटकून काढून दिली, वर 'ही कोण वाचतं हो' असं विचारलं, त्यामुळे इरेला पेटून बसलो. अर्ध्यावर सोडली. वाईट आहे असं नाही म्हणणार, पण मी ज्या फडक्यांना भेटायला गेलो होतो ते तिथे नव्हतेच, कोणी दुसऱ्याच्याच घरात शिरल्यासारखं वाटलं. कर्मचाऱ्याला परत देताना 'छान आहे' म्हणालो. पुणेरी अब्रूचा प्रश्न होता.

रातराणी_७
@सदाशिव_पेठी, अगदी अगदी. 'अमृतवेल' वाचून रडून रडून डोळे सुजले होते, म्हणून खांडेकरांची पहिली 'हृदयाची हाक' (1930) काढली. उपमांचा असा पाऊस की छत्री घेऊन बसावं लागलं. तीन दिवसात चाळीस पानं, मग राम म्हटलं.

सदाशिव_पेठी
खांडेकर रोमान्समध्ये कधीपासून?

रातराणी_७
अमृतवेल प्रेमावर नाही तर काय सहकारी साखर कारखान्यावर आहे का?

चिंच_गूळ
माझं उलटं झालं. डिसेंबर 2020 मध्ये 'ब्रिजर्टन' ही सिरीज एका बैठकीत बघितली, मग ती ज्यावर बेतलीय ते ज्युलिया क्विनचं 'द ड्यूक अँड आय' घेतलं, 2000 चं. तिचं हे पहिलं नाही, पहिलं 'स्प्लेंडिड' 1995 चं, ते पण वाचलंय, अमेरिकन श्रीमंत मुलगी मोलकरणीच्या कपड्यात बाहेर पडते वगैरे, पांचट पण निरुपद्रवी. ड्यूकमध्ये मात्र नवरा दारू पिऊन पडलाय आणि बायको त्याला नको असताना मूल व्हावं म्हणून जे करते ते वाचून मी पुस्तक उलटं करून ठेवलं. पडद्यावर तो सीन आहेच, पण तिथे तो नशेत नसतो, तरी अवघडल्यासारखं होतंच. इथे चर्चा हिरोंची चाललीय म्हणून मुद्दाम लिहितेय, की हिरवीण पण करू शकते. पुढची पुस्तकं वाचली का? वाचली, सगळी. त्यातल्या पेनेलोपी नावाच्या पात्रासाठी.

गवतीचहा
मी मगाशी लिहायचं विसरले, मी हेयर वाचायला सुरुवातच ब्लॅक मॉथने केली आणि मला ते आवडतं. चौदा वर्षांची होते. आता वाचणार नाही, भीती वाटते.

केतकीबन
@गवतीचहा, नकोच वाचू.

रच्याकने, रागारागात काल 'दीज ओल्ड शेड्स' परत काढलं, म्हटलं निदान माझा एव्हन तरी साफ आहे का बघू. पहिल्याच प्रकरणात तो रस्त्यात धडकलेल्या पोराला त्याच्या भावाकडून एक रत्न देऊन विकत घेतो. विकत. आणि कॉलेजात मी त्या ओळींखाली पेन्सिलने दोन रेघा मारून बाजूला 'हाऊ रोमँटिक' लिहिलंय, माझ्याच अक्षरात.